भालू, बालू, बारू, बल्लू आणि अस्वल

एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस. दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या होत्या आणि दुपारी 'जंगल बुक' ही जपानी कार्टून मालिका लागायची. मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला मुद्दाम शेजारी बसवून घेतलं. शीर्षकगीत सुरू झालं तसे माझे डोळे भरून आले, ते त्याने पाहिलं आणि काही न बोलता माझा हात धरला. मग मोगलीच्या आगेमागे घुटमळणारा तो छोटा प्राणी पडद्यावर आला आणि मी ओरडलेच, "अरे, हा तर लाल आहे!"

सत्तावीस वर्षं मी त्याला उदमांजर समजत होते. शेपटीवर आडवे पट्टे, गोल तोंड, झाडावर सरसर चढणं. आमच्या गावाकडे असं दुसरं कोण असणार? आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे लाल-काळ्याचा प्रश्नच आला नव्हता.

"आई, तो रेड पांडा आहे," मुलगा म्हणाला. पाच मिनिटांत त्याने मोबाइलवर शोधून काढलं की तो हिमालयात राहतो, आपल्याकडे सिक्कीम-अरुणाचलच्या बाजूला. आणि मग त्याने विचारलं, "पण मोगली तर मध्य प्रदेशातल्या सिवनीचा ना? मग हा तिथे काय करतोय?"

प्रश्न साधा होता. मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. खरं तर तो मला मोगलीपेक्षा आमच्या आबाजींकडेच जास्त घेऊन गेला.

आमचं गाव भंडारा आणि पवनीच्या मधलं, वैनगंगेच्या काठावरचं. झाडीपट्टीतलं. १९९३ मध्ये मी दहा वर्षांची होते. गावात मोजकेच टीव्ही होते, आणि आम्हाला जवळचा म्हणजे शेजारच्या मास्तरांचा. दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या शटरचा. ते शटर मास्तर स्वतः उघडायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. रविवारी सकाळी आंघोळ करून, केस ओले असतानाच आम्ही पंधरा-वीस पोरं त्यांच्या शेणाने सारवलेल्या खोलीत मांडी ठोकून बसायचो. अँटेना बांबूला बांधलेली. वारा सुटला की वाघाला चार चार पाय जास्तीचे फुटायचे आणि एखादा पोरगा पळत जाऊन बांबू फिरवायचा. "आलं का? आलं का?" असं तो बाहेरून ओरडत राहायचा आणि त्याचा अर्धा भाग तिथेच जायचा. आम्ही आळीपाळीने बांबूवर जायचो. अजूनही त्या मालिकेचे काही भाग मला फक्त आवाजाने आठवतात, कारण तेव्हा मी बांबूपाशी होते.

शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. हे आम्हाला कुणी सांगावं लागलं नाही. मुरुड-जंजिऱ्याकडच्या या माणसाने हिंदी बोलणाऱ्या जपानी वाघात जो दरारा भरला तो असा, की त्या आवाजानंतर संध्याकाळी एकटीने नदीवर जायची माझी छाती होत नसे. आबाजी मास्तरांच्या ओसरीवर बसून तंबाखू मळत आतलं ऐकायचे. एकदा म्हणाले, "वाघ बोलत नाई, बाप्पा. बोलला तं तो वाघ कायचा?" पण पुढच्या रविवारी ते पुन्हा ओसरीवर होतेच.

त्या मालिकेबद्दल पुढे वाचत गेले तेव्हा कळलं की आमच्या या रविवारामागे किती लांबची आणि किती शिस्तीची परंपरा होती. १९७४ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर 'हायडी' आली. स्विस डोंगरातल्या अनाथ मुलीच्या कादंबरीवरची ती मालिका इसाओ ताकाहाता यांनी दिग्दर्शित केली. दृश्यांची मांडणी हायाओ मियाझाकींची होती. त्यासाठी ही मंडळी आधी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, घरं, गवत, शेळ्या डोळ्यांनी बघून आली. मालिका मुलांची, तीही कार्टूनची, आणि तिच्यासाठी इतका खटाटोप! ५२ भाग झाले. म्हणजे अख्खं वर्ष, दर रविवारी एक. मग तो पायंडाच पडला. एक वर्ष, एक कादंबरी. आई शोधायला निघालेला इटालियन मुलगा, ग्रीन गेबल्सची ॲन, टॉम सॉयर. शान्ता शेळक्यांनी 'चौघीजणी' म्हणून ज्यांना मराठीत आणलं त्या चार बहिणीसुद्धा १९८७ मध्ये तिथे वर्षभर राहून गेल्या. 'हायडी'नंतरचं हे सगळं ज्या संस्थेत होत होतं त्या निप्पॉन ॲनिमेशननेच ऑक्टोबर १९८९ मध्ये 'जंगल बुक' सुरू केली. तेही ५२ भाग.

या वर्षभराच्या हिशोबात मला फार मोठं काहीतरी दिसतं. सिनेमा दोन तासांत गोष्ट उरकतो, त्याला थांबायला सवड नसते. मालिकेला थांबावंच लागतं. मोगली झाडावर चढायला शिकतोय एवढ्यावरही एक अख्खा रविवार जाऊ शकतो. मग सोमवार ते शनिवार तो मुलगा आमच्या डोक्यात राहायचा. आम्ही पळसाच्या वाकड्या फांदीचं बूमरँग करायचो आणि ते कधीच परत यायचं नाही. आम्ही उन्हाळ्यात मोहाखाली बसून कोण अकेला लांडगा, कोण 'का' अजगर, यावर भांडायचो. वर्षभर आमच्यात एक मुलगा वाढत होता, आणि आम्हीही तेवढेच वाढत होतो. लहान वयात वर्ष म्हणजे किती मोठं असतं! २०१६ मध्ये नवा सिनेमा आला, हिंदीत शेरखानला पुन्हा नानांचाच आवाज. सिनेमा देखणा होता, मुलाला आवडला. पण गाडीत बसेपर्यंत तो संपलेला होता.

रेड पांडाचं उत्तरही त्या ५२ आकड्यातच आहे. किपलिंगच्या दोन 'जंगल बुक'मध्ये मिळून मोगलीच्या गोष्टी अवघ्या आठ. आठ गोष्टींचं वर्ष करायचं तर भर घालावीच लागते. मोगलीच्या खांद्यावर बसायला, त्याच्याशी खेळायला कुणीतरी छोटं लागतं. मग रेड पांडा येतो, बूमरँग येतं, लांडग्यांच्या घरात नवी भावंडं येतात. मूळ पुस्तकावर जीव असणारे लोक अशा गोष्टींवर चिडतात. मी नाही चिडू शकत. उदमांजर समजून का होईना, मी त्या प्राण्यावर वर्षभर माया केली आहे.

आणि मुळाबरहुकूम म्हणावं तरी कोणतं मूळ? किपलिंगचा जन्म मुंबईचा, १८६५ चा. वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. सिवनी त्याने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मोगली त्याने लिहिला अमेरिकेत, व्हर्माँटमध्ये. पहिल्या हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत साचायचा, असं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्या बर्फात बसून त्याने सातपुड्याच्या पायथ्याचा उन्हाळा लिहिला. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याने या भागावर लिहिलेलं पुस्तक त्याने वाचलं होतं. प्राण्यांची नावं मात्र त्याने लहानपणी कानावर पडलेल्या हिंदुस्थानीतून उचलली. हाथी म्हणजे हत्ती, चील म्हणजे घार, अकेला म्हणजे एकटा. भालूचा त्याने इंग्रजीत बालू केला. जपानीत 'ल' नाही, म्हणून तिथे तो बारू झाला. आणि हिंदीत परत आला तेव्हा घरच्यांनी त्याला ओळखलंच नाही आणि त्याचं नाव ठेवलं बल्लू. भालू, बालू, बारू, बल्लू. शंभर वर्षांत पृथ्वीला वळसा घालून आलेला एक शब्द माझ्या डोळ्यांसमोर मास्तरांच्या खोलीत बसला होता, आणि मला वाटायचं बल्लू हे कुणीतरी लाडाने ठेवलेलं नाव असेल.

पुस्तक माझ्या हाती आलं ते नागपुरात, कॉलेजला असताना. सीताबर्डीच्या फुटपाथवर, वीस रुपयांना, पाठीचं कव्हर नसलेलं. माझं इंग्रजी बेताचंच होतं. हॉस्टेलच्या जिन्यात बसून वाचायला घेतलं आणि पहिल्याच गोष्टीत एका शब्दावर अडले. इंग्रजी अक्षरं जुळवून मी तो तीन-चारदा मोठ्याने वाचला. वैनगंगा.

आमची वैनगंगा. जिच्या काठावर माझी आजी कपडे धुवायची ती. उगम सिवनी जिल्ह्यात, मग बालाघाट, मग आमच्याकडे गोंदिया, भंडारा, आणि पुढे गडचिरोलीकडे. शाळेत पाठ केलं होतं हे. पण मोगली ज्या नदीचं पाणी प्यायचा ते पाणी दोन-चार दिवसांत आमच्या घाटावरून जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालिकेत ते नाव ऐकल्याचं मला तरी आठवत नाही. कदाचित मी तेव्हा बांबूपाशी असेन. जिन्यात बसल्या बसल्या मला आधी भयंकर आनंद झाला, आणि मागोमाग आपल्या घरची वस्तू लोकांच्या कपाटात सापडल्यावर जसं होतं तसं काहीतरी झालं.

त्या उन्हाळ्यात पुस्तक घेऊन गावी गेले. आबाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते. दुपारी ओसरीवर त्यांच्या खाटेशी बसून मी वाचायला लागले. म्हणजे इंग्रजी मनात वाचायचं आणि आमच्या बोलीत सांगायचं.

"बल्लू म्हणाला..."

"बल्लू कोन?"

"भालू, आबाजी. अस्वल."

"मंग अस्वल म्हन ना."

आमच्याकडे अस्वलाला कोण भालू म्हणतं? तेव्हापासून बल्लू अस्वल झाला, बघीरा काळा बिबट झाला आणि शेरखान नुसताच वाघ. एवढा फिरून आलेला शब्द शेवटी आमच्या ओसरीवर पोचला, तो अगदी वेगळाच होऊन.

सगळ्यात रमले ते दुष्काळाच्या गोष्टीत. 'भीती कशी आली' अशा अर्थाचं तिचं नाव आहे. हिवाळी पाऊस जवळजवळ येतच नाही, साळिंदर येऊन सांगतं की रानातले कंद वाळायला लागलेत, आणि मग येतो मोह. मोह फुलला नाही, फुलं जन्माआधीच उन्हाने करपली, त्यावरून जंगलात कळतं की साल वाईट आहे. मी वाचायची थांबले, कारण आबाजी उठून बसले होते. "कोन लिहिलं म्हनलं हे?" मी सांगितलं. "तो इथं आलता?" मी म्हटलं, नाही. "मंग त्याले मोहाचं कसं समजलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते स्वतःशीच म्हणाले, "मोह नाई फुलला तं ते साल गेलंच समज."

त्या गोष्टीत वैनगंगा आटत जाते आणि पात्राच्या मधोमध एक लांबट निळसर खडक उघडा पडतो. तो दिसला की हत्ती पाण्याचा तह पुकारतो. पाण्यावर कुणी कुणाला मारायचं नाही. वाघ, हरणं, रानडुकरं सगळे एकाच पाण्यावर, थकलेले, गप्प. आमच्या घाटाखालीही असा एक खडक होता. मे महिन्यात तो वर यायचा. त्याच्या आजूबाजूच्या रेतीत बाया झिरे खणायच्या. हाताने रेती बाजूला सारायची, थोडी वाट बघायची, मग गार पाणी हळूहळू वर येतं. वाटीने ते गुंडात भरायचं. आबाजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी एका वर्षी त्या झिऱ्यांवर रात्री चितळं यायची आणि बाया पहाटे गेल्या की ती थोडी सरकून उभी राहायची, पळायची नाहीत. पळायची ताकदच नव्हती. किपलिंगने बर्फात बसून लिहिलेलं आणि आबाजींनी पाहिलेलं एकाच दुपारी माझ्या मांडीवर आलं होतं. पुढे काही वर्षांनी खालच्या बाजूला धरणाचं पाणी अडलं. आता आमच्या घाटाला बाराही महिने तुडुंब पाणी असतं. तो खडक पुन्हा कुणाला दिसणार नाही.

गंमतही खूप झाली. पुस्तकातल्या गावचा बढाईखोर शिकारी बलदेव पारावर सांगत असतो की हा वाघ म्हणजे मेलेल्या सावकाराचं भूत आहे, सावकार लंगडत होता म्हणून वाघही लंगडतो. आबाजी हसून हसून खोकायला लागले. "सावकारच असन तो!" पण लंगडा वाघ रान सोडून गुरांवर येतो, हे त्यांनी लगेच मान्य केलं. त्यांच्या हिशोबात पुस्तक तिथे पास झालं.

मग ती दुसरी गोष्ट आली, जिच्यात मोगली गावावर जंगल सोडतो. मेसुआचा मुलगा नत्थू वाघाने नेलेला. ती मोगलीला दूध पाजते, पोटाशी धरते, म्हणून गावकरी तिला आणि तिच्या नवऱ्याला चेटकी ठरवून मारायला निघतात. मोगली त्यांना सोडवून कान्हीवाड्याच्या वाटेला लावतो. तिथे इंग्रज साहेब असतो, आणि न्याय त्याच्याकडेच असतो. किपलिंगची ही बाजू मला तेव्हाही टोचली आणि आजही टोचते. आमची गावं त्याला बावळट आणि क्रूर दिसतात आणि शहाणपण एकतर जनावरांपाशी, नाहीतर साहेबापाशी. पण आबाजींचं भांडण निराळंच होतं. मोगली हत्तींना बोलावतो. हरणं, डुकरं, नीलगायी पिकं फस्त करतात. गाव तरीही तग धरून राहतं. तेव्हा हत्ती घराची भिंत फोडतो आणि आत शेणाने लिंपलेली कणगी असते, तिच्यात पेरणीसाठी राखलेलं बियाणं.

"बियानं बी नाई ठेवलं?"

"नाही आबाजी. तेही खाल्लं."

ते बराच वेळ बोलले नाहीत. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं धान त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. पावसात, मचाणावर, डबा बडवत रात्री काढल्या होत्या. "त्या बाईले मारलं त्यायले शिक्षा देवाची होती," ते म्हणाले. "धानानं काय केलं होतं?"

त्या दिवशी त्यांनी पुढे वाचू दिलं नाही. मी लहानपणापासून ज्या मुलाच्या बाजूने होते त्याच्या विरुद्ध कुणी काही बोलू शकतं, आणि ते बरोबर असू शकतं, हे मला पहिल्यांदा त्या ओसरीवर दिसलं. मोगलीवर माझं प्रेम मालिकेने बसवलं. ते खरं आहे आणि मी ते सोडणार नाही. पण पुस्तकातला मोगली नुसता गोड मुलगा नाही. लांडगे त्याला हाकलतात कारण तो माणूस आहे, माणसं दगड मारतात कारण तो लांडगा आहे, आणि या दोन हाकलण्यांच्या मध्ये तो राग साठवत मोठा होतो.

हा राग कुठून आला असेल, हे किपलिंगच्या लहानपणाबद्दल वाचल्यावर थोडं उमगलं. मुंबईत आया आणि गडी त्याला दुपारी झोपताना गोष्टी सांगत. मग जेवणघरात आईवडिलांकडे पाठवताना बजावत, आता इंग्रजीत बोला. आणि तो अडखळत, मनातल्या देशी बोलीचं इंग्रजी करत बोलायचा. स्वप्नंही त्याला त्याच बोलीत पडायची. सहावं पूर्ण व्हायच्या आत, १८७१ मध्ये, त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये एका परक्या घरी ठेवून आईवडील परत आले. सहाएक वर्षं तो तिथे छळ सोसत राहिला. एका जगातून उचलून दुसऱ्यात टाकलेला मुलगा. ज्या भाषेत स्वप्नं पडायची ती बोलायला त्या घरात कुणी नाही. मोगली त्याने बर्फात लिहिला, पण त्याची सुरुवात या घरात झाली असावी असं मला वाटतं. व्हर्माँटच्या त्याच पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबर १८९२ मध्ये, त्याला मुलगी झाली. जोसेफाइन. 'जंगल बुक'ची तिच्यासाठी सही केलेली प्रत २०१० मध्ये इंग्लंडातल्या एका जुन्या वाड्यात सापडली. ती मुलगी सहा वर्षांची असताना न्यूमोनियाने गेली होती.

आबाजी दोन दिवसांनी म्हणाले, "वाच मंग. काय झालं त्या पोट्ट्याचं?"

रानकुत्र्यांची लढाई वाचली. ते दख्खनहून, म्हणजे दक्षिणेकडून वर येतात. मोगली त्यांना चिडवून वैनगंगेच्या कड्यावरच्या मोहळांखाली आणतो आणि माशा उठतात. आग्या मोहोळ उठलेलं आबाजींनी पाहिलं होतं, त्यामुळे ती गोष्ट मी कमी आणि त्यांनीच जास्त सांगितली. त्या लढाईत म्हातारा अकेला मरतो. तेवढं मी घाईने वाचलं.

शेवटची गोष्ट वसंतातली. मोगली जवळपास सतरा वर्षांचा झालाय. जंगल फुलतंय, सगळे आपापल्या जोडीदारामागे गेलेत, त्याच्या हाकेला कुणी वेळेवर येत नाही. त्याला कळत नाही की आपल्याला काय होतंय. तो माणसांकडे जायला निघतो. निरोपाला थोडेच जण येतात. अजगर येतो. अस्वल येतं, खूप म्हातारं झालेलं, जवळपास आंधळं.

"अस्वलाले दिसत नाई?" आबाजींनी विचारलं.

"नाही. दिसत नाही आता."

ते खाटेवर माझ्या बाजूला वळले. मोतीबिंदूने पांढरट झालेले डोळे माझ्याकडे, म्हणजे माझा आवाज येत होता तिकडे, लावून थोडा वेळ थांबले.

"मंग त्यानं पोराले ओरखलं कसं?"

मी पुस्तकात बघितलं. मोगली रडतो, अस्वलाच्या गळ्यात हात टाकतो आणि अस्वल त्याचे पाय चाटायचा प्रयत्न करतं. कसं ओळखलं ते लिहिलेलं नव्हतं.

"वासाने," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "अस्वलाले वास लय दुरून येते." आणि हात पुढे करून त्यांनी माझं डोकं शोधलं.